उत्तरेकडून आलेले चेहरे : कॅनेडियन अभिनेते आणि अमेरिकन चित्रपटाची जडणघडण

अमेरिकन चित्रपटसृष्टी उभी राहिली ती मोठ्या प्रमाणावर बाहेरून आलेल्या माणसांच्या बळावर, हे आता सर्वमान्य आहे. हिटलरच्या राजवटीतून निसटलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन दिग्दर्शक, पूर्व युरोपातून स्थलांतरित झालेल्या ज्यू कुटुंबांतील स्टुडिओमालक, लंडनच्या रंगभूमीवरून आलेले नट यांच्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे आणि त्यांचे परकेपण पडद्यावरही उच्चारांतून किंवा शैलीतून सहज ओळखू येते. उत्तरेकडील कॅनडातून आलेल्या नटनट्यांची स्थिती वेगळी होती. मूकपटाच्या अगदी आरंभापासून ते तेथे होते, त्यांतील अनेक जण लोकप्रियतेच्या शिखरावर होते; परंतु त्यांचे दिसणे, बोलणे आणि वागणे अमेरिकन प्रेक्षकाला आपलेच वाटत असल्यामुळे ते परदेशातून आले आहेत याची जाणीव फारशी कोणाला राहिली नाही. या विस्मरणामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड झाली. जगाने पडद्यावर ज्याला 'अमेरिकन माणूस' म्हणून ओळखले, त्याचा चेहरा, आवाज आणि स्वभाव घडवण्यात कॅनेडियन अभिनेत्यांचा वाटा फार मोठा होता, आणि या योगदानाची किंमत कॅनडाच्या स्वतःच्या चित्रपटाला मोजावी लागली.

सीमा ओलांडण्याची कारणे

विसाव्या शतकाच्या आरंभी कॅनडाची लोकसंख्या अमेरिकेच्या तुलनेत अगदीच थोडी होती. १९११ च्या कॅनेडियन जनगणनेत ती सुमारे ७२ लाख भरली, तर त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेची लोकसंख्या ९ कोटी २० लाखांच्या घरात होती. त्यातही कॅनडातील बहुतेक वस्ती अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात एकवटलेली असल्यामुळे टोरांटो, हॅमिल्टन, मॉन्ट्रिऑल ही शहरे रेल्वेने न्यूयॉर्क, बफेलो आणि बोस्टनशी घट्ट जोडलेली होती. त्या काळी उत्तर अमेरिकेतील रंगभूमी दोन प्रकारच्या मंडळ्यांवर चाले. ठरावीक नटसंचात अनेक नाटके बसवून ती आलटून पालटून सादर करणाऱ्या नाटक मंडळीला 'स्टॉक कंपनी' म्हणत. तर गाणे, नाच, नकला, कसरती आणि छोटी प्रहसने अशा सुट्या कार्यक्रमांची माळ गुंफणाऱ्या प्रकाराला 'व्होडव्हिल' असे नाव होते. दोन्ही प्रकारच्या मंडळ्या सीमेची फिकीर न करता गावोगाव फिरत आणि त्यांची व्यवस्थापने बहुधा न्यूयॉर्कमध्ये असत. कॅनेडियन नटाच्या दृष्टीने न्यूयॉर्कला जाणे म्हणजे धंद्यातील पुढच्या मुक्कामाला जाणे, एवढाच त्याचा अर्थ होता. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने युरोपातून येणाऱ्यांच्या संख्येवर देशवार मर्यादा घातली, तेव्हाही कॅनडात जन्मलेल्यांना त्या मर्यादेतून वगळले होते.

चित्रपट हा उद्योग म्हणून स्थिरावू लागला तेव्हा कॅनडातही चित्रपट निघत होते. पण चित्रपट काढणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या 'फेमस प्लेअर्स कॅनेडियन कॉर्पोरेशन'ने देशातील मोक्याची चित्रपटगृहे आपल्या ताब्यात आणली. ही कंपनी ज्या अमेरिकन उद्योगसमूहाशी बांधलेली होती, तोच पुढे पॅरामाउंट म्हणून ओळखला गेला. या मक्तेदारीची सरकारी चौकशी होऊन १९३१ च्या अहवालात कंपनीवर ठपका ठेवला गेला, परंतु १९३२ मध्ये न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. कॅनडाचा पडदा अशा रीतीने अमेरिकन चित्रपटांसाठी राखला गेल्यावर, चित्रपटात काम करू इच्छिणाऱ्या कॅनेडियन माणसाला दक्षिणेकडे जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

नटाचे नाव आणि नटाची मालकी

आरंभीच्या अमेरिकन चित्रपट कंपन्या नटांची नावे जाहीर करीत नसत. नाव झाले की नट जास्त पैसे मागेल, ही निर्मात्यांची भीती होती. शिवाय रंगभूमीवरील अनेक नटांनाही चित्रपटातले काम कमीपणाचे वाटत असे. हा प्रघात मोडण्याच्या कथेत पहिले ठळक नाव येते ते फ्लॉरेन्स लॉरेन्स हिचे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील हॅमिल्टन येथे १८८६ मध्ये तिचा जन्म झाला. तिची आई स्वतः फिरती नाटक मंडळी चालवीत असे आणि फ्लॉरेन्स बालपणापासूनच रंगमंचावर वावरली होती. १९०८ पासून ती बायोग्राफ कंपनीत डी. डब्ल्यू. ग्रिफिथ याच्या दिग्दर्शनाखाली काम करू लागली. प्रेक्षकांना तिचा चेहरा पाठ झाला, पण नाव ठाऊक नसल्यामुळे ते तिला 'बायोग्राफ गर्ल' म्हणू लागले.

कार्ल लेम्ले या निर्मात्याने तिला आपल्या नव्या कंपनीत ओढून घेतले आणि १९१० च्या मार्चमध्ये चित्रपटव्यवसायाच्या एका नियतकालिकात जाहिरात दिली. फ्लॉरेन्स लॉरेन्स अपघातात मरण पावल्याची अफवा विरोधकांनी उठवली असून ती धडधडीत खोटी आहे, असा त्या जाहिरातीचा आशय होता. ती अफवा स्वतः लेम्लेनेच रचली असावी असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्यानंतर तिला सेंट लुईस शहरात लोकांसमोर आणण्यात आले, तेव्हा तिला पाहण्यासाठी मोठी गर्दी उसळली. नटांची नावे जाहीर करण्याचे प्रयत्न याच सुमारास इतर कंपन्यांनीही केले होते, त्यामुळे 'पहिली चित्रपटतारका' हा किताब तिला एकटीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. नटाच्या नावावर चित्रपट विकण्याची जी पद्धत पुढे 'स्टार सिस्टीम' म्हणून रूढ झाली, तिचा सर्वांत गाजलेला आरंभ मात्र तिच्याच नावाशी जोडलेला आहे. तिला स्वतःला या व्यवस्थेचे फळ फार काळ चाखता आले नाही. काही वर्षांतच ती विस्मृतीत गेली आणि १९३८ मध्ये तिने जीवन संपवले. तिच्या थडग्यावर नावाचा दगडही १९९१ मध्ये बसला.

लॉरेन्सची बायोग्राफमधील जागा जिने घेतली तीही ऑन्टॅरिओचीच होती. ग्लॅडिस लुईस स्मिथ ही १८९२ मध्ये टोरांटोत जन्मली. वडील लवकर वारल्यामुळे आईने घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला आणि मुलांना नाटकांत कामाला लावले. बालनटी म्हणून अनेक वर्षे गावोगावी फिरल्यावर १९०७ मध्ये ती ब्रॉडवेवर पोहोचली आणि तेथील निर्माता डेव्हिड बेलास्को याने तिचे नाव मेरी पिकफर्ड असे ठेवले. १९०९ मध्ये ती ग्रिफिथकडे गेली तेव्हा कंपनीतील नटांना सामान्यतः दिवसाला ५ डॉलर मिळत; सतरा वर्षांच्या या मुलीने १० डॉलर मागितले आणि मिळवले. घराची जबाबदारी लहानपणीच अंगावर पडलेल्या मुलीची ही व्यवहारबुद्धी पुढे संपूर्ण उद्योगाला वळण देणारी ठरली.

१९१६ मध्ये अ‍ॅडॉल्फ झुकर याच्याशी झालेल्या करारानुसार तिला आठवड्याला १०,००० डॉलरची हमी आणि आपल्या चित्रपटांच्या नफ्यात निम्मा वाटा मिळाला. तिचे चित्रपट स्वतंत्रपणे वितरित करण्याची व्यवस्थाही झाली. या तरतुदीचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळची 'ब्लॉक बुकिंग' ही पद्धत लक्षात घ्यावी लागते. एखाद्या लोकप्रिय नटीचा चित्रपट हवा असेल तर चित्रपटगृहचालकाला त्याच कंपनीचे दुय्यम चित्रपटही गठ्ठ्याने घ्यावे लागत. म्हणजे नटीच्या लोकप्रियतेवर कंपनीचा सगळा माल खपवला जाई. आपल्या नावाचा असा वापर पिकफर्डला मान्य नव्हता. १९१९ मध्ये मोठ्या कंपन्या एकत्र येऊन नटांचे मानधन आवळणार अशी चिन्हे दिसू लागताच तिने चार्ली चॅप्लिन, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांच्यासह 'युनायटेड आर्टिस्ट्स' ही वितरणसंस्था स्थापन केली. कलावंताने आपल्या कलाकृतीचा मालक व्हावे, हा विचार अमेरिकन चित्रपट उद्योगात यातूनच संस्थारूपाने उभा राहिला.

पिकफर्डला 'अमेरिकेची लाडकी' म्हणून ओळखले जाई. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारच्या युद्धकर्जरोख्यांच्या प्रचारासाठी १९१८ मध्ये तिने फेअरबँक्स, चॅप्लिन आणि विनोदी नटी मेरी ड्रेसलर यांच्यासोबत सभा गाजवल्या. अमेरिकन जनतेच्या देशभक्तीला आवाहन करणाऱ्या या चौघांत अमेरिकेत जन्मलेला एकटा फेअरबँक्स होता. पिकफर्ड आणि ड्रेसलर या कॅनेडियन होत्या, तर चॅप्लिन इंग्रज. राष्ट्रीय भावनेचे प्रतीक ठरण्यासाठी त्या राष्ट्रात जन्म घ्यावा लागत नाही, ही गोष्ट चित्रपटाच्या पहिल्याच पिढीत सिद्ध झाली. चित्रपट व्यवसायातील गरजू आणि वृद्ध कामगारांसाठी १९२१ मध्ये स्थापन झालेल्या मदतनिधीच्या आणि १९२७ च्या ऑस्कर अकादमीच्या संस्थापकांतही पिकफर्ड होती. या उद्योगाच्या संस्थात्मक पायाभरणीत इतका मोठा हात असणारा दुसरा नट किंवा नटी सहसा आढळत नाही.

बोलपटाची पहिली वर्षे

चित्रपट बोलू लागला तेव्हा अनेक युरोपीय नटांची कारकीर्द उच्चारांपायी धोक्यात आली. कॅनेडियन नटांना हा अडसर आला नाही. ऑन्टॅरिओतील इंग्रजी अमेरिकेच्या उत्तरेकडील इंग्रजीशी इतकी मिळतीजुळती होती की सामान्य प्रेक्षकाला फरक जाणवत नसे. शिवाय रंगभूमीवर कसलेला आवाज ही त्यांची जमेची बाजू होती. याचा परिणाम ऑस्कर पुरस्कारांच्या आरंभीच्या यादीत स्पष्ट दिसतो. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे पुरस्कार ओळीने तीन कॅनेडियन स्त्रियांना मिळाले. 'कॉकेट'साठी पिकफर्ड, 'द डिव्होर्सी'साठी मॉन्ट्रिऑलची नॉर्मा शिअरर आणि 'मिन अँड बिल'साठी कोबर्गची मेरी ड्रेसलर या त्या तिघी होत. नॉर्माचा भाऊ डग्लस शिअरर हा एमजीएम स्टुडिओच्या ध्वनिविभागाचा प्रमुख होता आणि ध्वनिमुद्रणाचा पहिलावहिला ऑस्कर त्याच्या विभागाच्या कामाला मिळाला. बहीणभावाचा हा गौरव एकाच समारंभात झाला.

तिघींत ड्रेसलरचे यश सर्वांत असाधारण होते. १८६८ मध्ये जन्मलेली, अंगाने स्थूल, रूपाने सामान्य अशी ही नटी विनोदी रंगभूमीवर गाजली होती. १९१९ च्या नटांच्या संपात ती समूहगायिका आणि नर्तिकांच्या संघटनेची पहिली अध्यक्ष झाली. त्यानंतर हळूहळू कामे मिळेनाशी झाली आणि ती विपन्नावस्थेच्या जवळ पोहोचली. पटकथालेखिका फ्रान्सिस मॅरियन हिच्या प्रयत्नांमुळे एमजीएममध्ये तिला पुन्हा संधी मिळाली आणि साठी उलटलेली ही स्त्री महामंदीच्या वर्षांत अमेरिकेतील सर्वाधिक गर्दी खेचणारी तारका बनली. घर चालवण्यासाठी झगडणाऱ्या, तोंडाने फटकळ पण मनाने कोमल अशा तिच्या व्यक्तिरेखांत बेकारीने गांजलेल्या प्रेक्षकाला आपल्याच घरातली आई किंवा मावशी दिसली. तारुण्य आणि सौंदर्य यांवाचूनही पडद्यावर नायिका होता येते, हे तिने सिद्ध केले.

लिंकन आणि लाल कोटातले शिपाई

अमेरिकेच्या राष्ट्रीय स्मृतीत अब्राहम लिंकन यांच्याइतके पूज्य स्थान फार थोड्यांना आहे. बोलपटाच्या पहिल्या दशकभरात लिंकनची भूमिका ठसठशीतपणे साकारणाऱ्यांत दोघे टोरांटोचे होते. ग्रिफिथच्या १९३० च्या 'अब्राहम लिंकन'मध्ये वॉल्टर ह्यूस्टन होता, तर १९४० च्या 'एब लिंकन इन इलिनॉय'मध्ये रेमंड मॅसी होता आणि त्या भूमिकेसाठी त्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले. ह्यूस्टन व्होडव्हिलमधून आलेला, मधल्या काळात वीजकेंद्रात नोकरी केलेला नट होता. पडद्यावर तो भूमिकेत असा विरघळून जाई की अभिनय चालला आहे याची जाणीवच होत नसे. 'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे' या १९४८ च्या चित्रपटात त्याने रंगवलेला दात पडलेला, बडबड्या, पण माणसाचा लोभ पुरता ओळखून असलेला म्हातारा खाणकामगार हा त्याच्या या शैलीचा उत्तम नमुना होय. सोने सापडल्यावर तो ज्या आनंदाने जागच्या जागी नाचतो, त्या नाचात एका नटाची आयुष्यभराची रंगभूमीवरची कमाई एकवटलेली दिसते. या भूमिकेने त्याला ऑस्कर मिळवून दिला आणि दिग्दर्शनाचा ऑस्कर त्याच समारंभात त्याचा मुलगा जॉन ह्यूस्टन याला मिळाला.

याच काळात अमेरिकन चित्रपट कॅनडाचे जे चित्र रंगवीत होता, ते शेजारी ठेवून पाहिले म्हणजे या नात्यातील विषमता कळते. कॅनेडियन लेखक पिअर बर्टन याने १९७५ च्या आपल्या 'हॉलिवूड्स कॅनडा' या पुस्तकात कॅनडाची पार्श्वभूमी असलेल्या पाचशेहून अधिक हॉलिवूडपटांचा आढावा घेतला आणि दाखवून दिले की त्यांतील कॅनडा म्हणजे बर्फ, अरण्य आणि घोडेस्वार पोलीस दलाचे लाल कोटातले शिपाई यांपलीकडे फारसा जात नाही. १९३६ च्या 'रोझ मरी' या लोकप्रिय संगीतपटातील कॅनेडियन शिपाई नेल्सन एडी या अमेरिकन गायकाने रंगवला आणि कॅनडाची म्हणून दाखवलेली रानेवने ही प्रत्यक्षात ताहो सरोवराच्या परिसरातील होती. टोरांटोचा नट लिंकन होत होता, अमेरिकन नट कॅनेडियन शिपाई होत होता आणि या देवाणघेवाणीत खरा कॅनडा पडद्यावर कोठेच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर परकीय चलनाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा अमेरिकन चित्रपटांच्या कमाईवर निर्बंध घालण्याचा किंवा कॅनेडियन चित्रपटांसाठी राखीव जागा ठेवण्याचा मार्ग कॅनडा सरकारपुढे होता. त्याऐवजी १९४८ मध्ये हॉलिवूडशी सहकार्याची एक योजना आखली गेली. निर्बंध टाळण्याच्या बदल्यात हॉलिवूडने आपल्या चित्रपटांच्या संवादांत कॅनडाचे उल्लेख पेरावेत आणि त्यातून पर्यटनाला चालना मिळावी, असा हा सौदा होता. दहा वर्षे चाललेल्या या योजनेतून कॅनेडियन चित्रपटाच्या पदरात काहीही पडले नाही.

आवाज आणि रंगमंच : सार्वजनिक पैशांतून घडलेली पिढी

दुसऱ्या पिढीतील कॅनेडियन नट वेगळ्या तालमीतून आले. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या सीबीसी या सार्वजनिक नभोवाणीने देशभर नाटके प्रसारित केली आणि तरुण नटांना नियमित काम मिळवून दिले. युद्धकाळात सीबीसीवरून बातम्या देणारा ऑटावाचा लॉर्न ग्रीन याने टोरांटोत नभोवाणी-कलेचे विद्यालय काढले. तेथे शिकलेल्यांत रेजायनाचा लेस्ली नील्सन होता. ग्रीन पुढे 'बोनान्झा' या दूरचित्रवाणी मालिकेत नेवाडातील जमीनदार पित्याच्या भूमिकेत चौदा हंगाम घरोघरी पोहोचला. नील्सनने धीरगंभीर भूमिकांत वीस-पंचवीस वर्षे घालवल्यावर १९८० च्या 'एअरप्लेन!'मध्ये तोच गंभीर चेहरा आणि तोच भारदस्त आवाज जराही न बदलता वेडगळ संवादांसाठी वापरला, तेव्हा विनोदाची एक नवी तऱ्हा जन्माला आली.

दुसरी मोठी शाळा म्हणजे ऑन्टॅरिओतील स्ट्रॅटफर्ड येथील शेक्सपिअर महोत्सव. रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीवर जगणाऱ्या या गावात १९५३ च्या उन्हाळ्यात एका मोठ्या तंबूत, टायरन गथ्री या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या मार्गदर्शनाखाली महोत्सव सुरू झाला. तीन बाजूंनी प्रेक्षक आणि मध्ये पुढे आलेला रंगमंच अशा रचनेमुळे नटाला सर्व बाजूंनी जिवंत राहावे लागे. क्रिस्टोफर प्लमर आणि विल्यम शॅटनर हे दोघे येथे तयार झाले. १९५६ मध्ये 'हेन्री पाचवा'ची भूमिका करणारा प्लमर अचानक आजारी पडला आणि त्याचा पर्यायी नट म्हणून नेमलेला शॅटनर पुरेशी तालीम नसताना रंगमंचावर उभा राहिला. पुढे प्लमर 'द साउंड ऑफ म्युझिक'मधून, तर शॅटनर 'स्टार ट्रेक'मधून जगाला माहीत झाला. प्लमरला ऑस्कर मिळाला तो वयाच्या ८२ व्या वर्षी, 'बिगिनर्स'मधील भूमिकेसाठी.

न्यू ब्रन्सविक प्रांतातील सेंट जॉन येथे जन्मलेला डोनल्ड सदरलँड हा याच पिढीचा. उंच, लांबट चेहऱ्याचा, रूढ अर्थाने देखणा नसलेला हा नट १९७० च्या 'मॅश'मध्ये युद्धाची आणि लष्करी शिस्तीची टर उडवणारा शल्यविशारद झाला, 'क्लूट'मध्ये अबोल गुप्तहेर झाला आणि 'ऑर्डिनरी पीपल'मध्ये मुलाच्या मृत्यूनंतर कोसळणाऱ्या घराला सावरू पाहणारा बाप झाला. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेचा स्वतःवरचा विश्वास ढळला होता, तेव्हा त्या संशयी मनःस्थितीला जे चेहरे मिळाले त्यांत सदरलँडचा चेहरा महत्त्वाचा आहे. इतक्या कामगिरीनंतरही स्पर्धात्मक ऑस्करचे नामांकन त्याला एकदाही मिळाले नाही. २०१७ मध्ये मानद ऑस्कर देऊन अकादमीने त्याचा गौरव केला.

या शाळांमागे एक निश्चित विचार होता. रेमंड मॅसीचा भाऊ व्हिन्सेंट मॅसी याच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाने १९५१ मध्ये अहवाल दिला आणि अमेरिकन लोकप्रिय संस्कृतीच्या लोंढ्यात कॅनडाची स्वतंत्र ओळख टिकवायची असेल तर कलांना सरकारी आधार हवा, असे बजावले. त्यातून १९५७ मध्ये 'कॅनडा कौन्सिल' स्थापन झाले. एक भाऊ अमेरिकन पडद्यावर लिंकन म्हणून ओळखला गेला आणि दुसऱ्याने अमेरिकन प्रभावाविरुद्ध सांस्कृतिक धोरणाची आखणी केली. कॅनडाची द्विधा अवस्था या एका घराण्यात पुरेपूर उतरली आहे. त्याहून खेदाची बाब अशी की सार्वजनिक पैशांतून घडलेल्या नटांना सामावून घेईल असा कथापटांचा उद्योगच देशात नव्हता, त्यामुळे शिक्षण कॅनडाचे आणि लाभ हॉलिवूडचा असा क्रम रुळला.

ज्यांना मिसळून जाता आले नाही

कॅनेडियन नट अमेरिकन म्हणून सहज खपून जात, हे विधान कॅनडातील आदिवासी समाजांच्या नटांना लागू पडत नाही. ऑन्टॅरिओतील सिक्स नेशन्स वसाहतीत जन्मलेला मोहॉक नट जे सिल्व्हरहील्स हा लॅक्रॉस या खेळातील नावाजलेला खेळाडू होता. 'द लोन रेंजर' या मालिकेतील टोंटो या साथीदाराच्या भूमिकेने तो घराघरांत पोहोचला, पण त्या भूमिकेत त्याला मोडकी-तोडकी इंग्रजी बोलावी लागे आणि गोऱ्या नायकाच्या मागे राहावे लागे. आपल्या समाजातील मुलांना अभिनयाचे रीतसर शिक्षण मिळावे म्हणून त्याने १९६० च्या दशकात लॉस एंजलिस येथे कार्यशाळा उभी केली.

व्हँकूव्हरजवळील ट्स्ले-वाउटुथ समाजाचे प्रमुख राहिलेले चीफ डॅन जॉर्ज यांनी आयुष्याचा मोठा काळ गोदीत हमाली करण्यात घालवला होता. १९७० च्या 'लिटल बिग मॅन'मध्ये त्यांनी वृद्ध प्रमुखाची भूमिका इतक्या सहजतेने आणि मिश्कीलपणे केली की हॉलिवूडच्या वेस्टर्न चित्रपटांतील क्रूर किंवा मुका 'इंडियन' एकदम खोटा वाटू लागला. त्या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. वीस वर्षांनी ओनायडा समाजाचा ग्रॅहम ग्रीन याला 'डान्सेस विथ वुल्व्ज'साठी तसाच मान मिळाला. गोऱ्या कॅनेडियन नटांनी अमेरिकेची स्वतःविषयीची प्रतिमा घडवली असेल, तर या नटांनी त्या प्रतिमेतील एक जुने असत्य दुरुस्त केले. प्रभाव म्हणून ही कामगिरी तितकीच मोलाची आहे.

विनोदाची परंपरा

अमेरिकन विनोदी चित्रपटाच्या मुळाशीही एक कॅनेडियन आहे. क्वेबेक प्रांतात जन्मलेल्या मॅक सेनेट याने १९१२ मध्ये कीस्टोन कंपनी सुरू केली, पळापळीचा आणि धडपडीचा मूकविनोद रूढ केला आणि चॅप्लिनला चित्रपटात आणले. साठ वर्षांनंतर विनोदाचे केंद्र पुन्हा कॅनडाकडे वळले. १९७२ मध्ये टोरांटोत 'गॉडस्पेल' हे संगीत नाटक स्थानिक नटसंचात बसवले गेले आणि त्यात यूजीन लेव्ही, मार्टिन शॉर्ट, व्हिक्टर गार्बर असे तरुण एकत्र आले. पुढच्याच वर्षी शिकागोच्या 'सेकंड सिटी' या संस्थेने टोरांटोत शाखा उघडली. लिखित संहितेवाचून, प्रेक्षकांच्या सूचनेवरून जागच्या जागी प्रवेश उभा करणे ही त्या संस्थेची पद्धत. सहकलावंताचे ऐकणे आणि त्याला साथ देणे हा तिचा पाया. डॅन आयक्रॉइड, जॉन कँडी, कॅथरिन ओ'हारा हे या तालमीत घडले. त्यातूनच १९७६ मध्ये 'एससीटीव्ही' ही दूरचित्रवाणी मालिका निघाली. एका काल्पनिक, दरिद्री दूरचित्रवाणी केंद्राचे कार्यक्रम दाखवण्याच्या निमित्ताने ही मंडळी अमेरिकन दूरचित्रवाणीची बारकाईने नक्कल करीत. सीमेपलीकडून दिवसरात्र येणारे कार्यक्रम पाहत वाढलेल्या, पण त्यांत स्वतःला कोठेही न दिसणाऱ्या पिढीकडे नकलेसाठी लागणारे अंतर आणि जवळीक दोन्ही होते.

या मालिकेच्या इतिहासातील एक छोटी घटना फार बोलकी आहे. कॅनडात जाहिराती कमी असल्यामुळे तेथील भाग अमेरिकेतील भागापेक्षा दोन मिनिटे मोठा असे आणि ती दोन मिनिटे खास कॅनेडियन मजकुराने भरावीत अशी मागणी सीबीसीने केली. या मागणीची थट्टा करण्यासाठी रिक मोरानिस आणि डेव्ह थॉमस यांनी लोकरी टोप्या घातलेल्या, बिअर पीत निरर्थक गप्पा मारणाऱ्या दोन भावांची जोडी रचली. तीच जोडी सीमेच्या दोन्ही बाजूंना अफाट लोकप्रिय झाली आणि १९८३ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. कॅनेडियन म्हणून कॅनेडियन माणूस अमेरिकन प्रेक्षकासमोर यशस्वी झाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण दोन मिनिटांच्या सक्तीतून निर्माण झाले.

इतरत्र मात्र जुनाच प्रघात चालू राहिला. एडमंटनमध्ये जन्मलेला मायकेल जे. फॉक्स 'बॅक टू द फ्युचर'मध्ये अमेरिकन किशोराचा आदर्श नमुना झाला आणि 'होम अलोन'मधील शिकागोच्या उपनगरातील आई कॅथरिन ओ'हाराने साकारली. १९९४ या एकाच वर्षात 'एस व्हेंच्युरा', 'द मास्क' आणि 'डम्ब अँड डम्बर' या तीन चित्रपटांनी ऑन्टॅरिओच्या जिम कॅरीला विनोदाच्या शिखरावर नेले. त्याच्या लवचिक देहातून सेनेटच्या काळातील शारीरिक विनोद नव्याने जिवंत झाला.

सुपरमॅनचे घर आणि क्वेबेकचा धडा

या सगळ्या इतिहासाचे सार १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटात सापडते. अमेरिकन मूल्यांचा हा सर्वांत प्रसिद्ध कैवारी ज्या दोघांच्या कल्पनेतून जन्मला, त्यांपैकी चित्रकार जो शुस्टर याचा जन्म टोरांटोतला. चित्रपटात सुपरमॅनला वाढवणारा शेतकरी पिता क्वेबेकमध्ये जन्मलेल्या ग्लेन फोर्डने रंगवला आणि पत्रकार लोइस लेनची भूमिका येलोनाइफमध्ये जन्मलेल्या मार्गो किडरने केली. कॅन्सस राज्यातील म्हणून दाखवलेली गव्हाची अथांग शेते प्रत्यक्षात कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातील होती. नटांनंतर भूमीनेही अमेरिकेचे सोंग घ्यायला येथे सुरुवात केली होती. पुढील दशकांत सवलतींमुळे आणि स्वस्त कॅनेडियन डॉलरमुळे हॉलिवूडचे चित्रण मोठ्या प्रमाणावर व्हँकूव्हर आणि टोरांटोत होऊ लागले. २००२ चा 'शिकागो' हा ऑस्करविजेता चित्रपटही टोरांटोत चित्रित झाला.

हे सारे अटळ होते काय, या प्रश्नाचे उत्तर कॅनडाच्याच एका प्रांताने दिले आहे. क्वेबेकची बहुसंख्य जनता फ्रेंच बोलते. तेथील नट हॉलिवूडच्या दृष्टीने परकेच राहिले आणि झनव्हिएव्ह बुझोल्डसारखे अपवाद वगळता फारसे कोणी दक्षिणेकडे गेले नाही. परिणामी क्वेबेकमध्ये स्वतःचे नट, स्वतःचे दिग्दर्शक आणि ते ओळखणारा स्वतःचा प्रेक्षक टिकला. डेनी आर्कांच्या 'द बार्बेरियन इन्व्हेजन्स'ला २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. इंग्रजीभाषक कॅनडात गुणवत्तेची कमतरता मुळीच नव्हती. ज्या भाषासाम्यामुळे त्याच्या नटांना हॉलिवूडचे दार सहज उघडले, त्याच साम्यामुळे हॉलिवूडलाही त्याच्या चित्रपटगृहांचे दार सताड उघडे मिळाले.

कॅनेडियन अभिनेत्यांच्या प्रभावाचे मोजमाप करताना म्हणूनच गाजलेल्या नावांची यादी पुरत नाही. नटाला नाव देणाऱ्या व्यवस्थेपासून नटाच्या मालकीपर्यंत, लिंकनच्या प्रतिमेपासून उपनगरातील आईपर्यंत, वेस्टर्नमधील असत्याच्या दुरुस्तीपासून दूरचित्रवाणीच्या नकलेपर्यंत अमेरिकन चित्रपटाच्या जडणघडणीत त्यांचे काम मिसळलेले आहे आणि ते वेगळे काढता येत नाही. त्यांना घडवणाऱ्या फिरत्या नाटक मंडळ्या, सीबीसीचे ध्वनिकक्ष, स्ट्रॅटफर्डचा रंगमंच आणि टोरांटोचे विनोदगृह यांना अमेरिकन चित्रपटाच्या इतिहासात त्यांची रास्त जागा मिळाली पाहिजे. कॅनडासारख्या लहान शेजाऱ्यासाठी या इतिहासाचा बोध याहून कठोर आहे. नट घडवण्यावर एखाद्या समाजाने कितीही खर्च केला तरी वितरण आणि चित्रपटगृहे त्याच्या हाती नसतील, तर त्याच्या कलावंतांच्या यशातून दुसऱ्याचीच कहाणी समृद्ध होत राहते.